रात्रपाळीचं बिल

पत्र थोडक्यात असं आहे. इचलकरंजीच्या एक वाचक ताई आणि त्यांचे थोरले भाऊ मिळून सॉफ्टवेअरचा छोटा व्यवसाय करतात. सायझिंग (सुताला खळ लावणारे) आणि यंत्रमाग कारखान्यांसाठी सूतसाठा, बीम (मागावर चढवायचे सुताचे रूळ), मजुरी, जीएसटी सांभाळणारं त्यांचं पॅकेज आहे. भाऊ आणि कामावरची तीन मुलं कोड लिहितात; हिशेब, वसुली आणि फोन ताईंकडे. वर्षभरापूर्वी चौघांसाठी कोड लिहिणाऱ्या एआयची वर्गणी घेतली, माणशी २० डॉलर. कार्डावरून महिन्याला साधारण ८,९०० रुपये जायचे. मागच्या महिन्यात ३८,६०० गेले. भावाने ‘मर्यादा संपली की जादा वापराचे पैसे घ्या’ हा पर्याय चालू केला होता. एका संध्याकाळी व्हीबी सिक्स या जुन्या प्रोग्रामिंग भाषेतले १४० रिपोर्ट नव्या पॅकेजमध्ये आणायचं काम त्याने एआयला लावलं आणि तो घरी गेला. एकट्या त्या रात्रीचे २१,००० झाले. भाऊ म्हणतो, “चूक एकदाच झाली. एरवी नऊ हजारांत चार माणसांचं काम दुप्पट होतंय. उलट तो नवा पोरगा, १८,००० पगारावरचा, आता लागतच नाही.” त्यातच एका जुन्या सायझिंगच्या मालकांनी एएमसीच्या, म्हणजे वार्षिक देखभाल कराराच्या, बोलणीत ऐकवलं, “आता एआयच लिहितंय म्हणे. मग दर निम्मा करा.” ताई विचारतात : हे सगळं बंद करू का? त्या नव्या मुलाला काढायचं का? दर कमी करायचा का? “आणि दादाचं बरोबर असेल तर तसं स्पष्ट सांगा, मी गप्प बसेन.”

ताई, आधी शेवटच्या वाक्याचं बोलू. गप्प बसू नका. तुमच्या व्यवसायात बिल उलगडून बघणारी एकच व्यक्ती आहे, ती तुम्ही. कोड लिहिणाऱ्याला काम पुढे सरकलेलं दिसतं, मीटर दिसत नाही. हे मी तुमच्या दादांना नावं ठेवायला म्हणत नाही. १९९९ साली पुण्यात आमच्या ऑफिसातल्या एका हुशार मुलाने डायल-अपवर काहीतरी डाउनलोडला लावलं आणि शनिवार-रविवार तो गावाला गेला. सोमवारी डाउनलोड अर्धवट होतं, फोनचं बिल मात्र पूर्ण आलं. मी त्याच्यावर भरपूर ओरडले. पण ठरावीक वेळाने लाइन आपोआप तुटेल अशी सोय करून ठेवणं माझं काम होतं, ते मी केलं नव्हतं. तुमच्याकडे त्या रात्री तेच झालं.

तुम्ही बिलाच्या पानाचा फोटो आणि त्या रात्रीच्या नोंदी पाठवल्यात, फार बरं केलंत. बहुतेक लोक नुसता आकडा पाठवतात आणि आकड्यावरून काही कळत नाही. फोटोत दोन रकाने आहेत : एआयने वाचलेली टोकन आणि एआयने लिहिलेली टोकन. टोकन म्हणजे शब्दाचा तुकडा. तुमच्या गावात मजुरी पिकाच्या (पीक म्हणजे कापडातला एक आडवा धागा) पैशांत ठरते. एका पिकाचे पैसे म्हणजे काहीच नाहीत, पण तागा उतरेपर्यंत त्याचे रुपये झालेले असतात. हेही तसंच. गंमत अशी की तुमच्या बिलात ‘लिहिलेली’ टोकन अगदी किरकोळ आहेत आणि ‘वाचलेली’ डोंगराएवढी. म्हणजे दादांना वाटतं आपण कोड लिहून घेण्याचे पैसे देतो, पण दिलेत ते वाचनाचे.

एक हिशेब मांडून दाखवते. एआय बनवणाऱ्या अँथ्रॉपिक कंपनीच्या क्लॉड सॉनेट ४ या मॉडेलचा २०२५ मधला जाहीर दर घेऊ : दहा लाख टोकन वाचायला ३ डॉलर, दहा लाख लिहायला १५ डॉलर. लिहिणं पाचपट महाग. आता समजा, एका कामात एआयशी ४० वेळा देवाणघेवाण झाली. या मॉडेलांना मागचं आपसूक आठवत नाही, म्हणून प्रत्येक वेळी आधीचं सगळं संभाषण, उघडलेल्या फायली, आलेले एरर असं पूर्ण गाठोडं पुन्हा पाठवलं जातं. गाठोडं सरासरी ६०,००० टोकनचं धरलं तर ४० फेऱ्यांत २४ लाख टोकन वाचून झाली. झाले ७ डॉलर २० सेंट. दर फेरीला ८०० टोकनचा कोड लिहिला तर ३२,००० टोकन, त्याचे ४८ सेंट. कोड अर्ध्या डॉलरचाही नाही आणि त्यासाठीचं वाचन सव्वासात डॉलरचं!

आधी वाचलेलं साठवून ठेवायची एक सोय असते. साठवलेल्या भागाला वाचनाच्या दराचा दहावा हिस्सा पडतो, त्यामुळे ती नीट चालली तर वरचं काम दीड-दोन डॉलरांत होतं. पण अँथ्रॉपिकच्या नेहमीच्या मांडणीत ही साठवण पाच मिनिटं टिकते. मध्ये चहाला जाऊन गप्पा मारून आलात, की पुढच्या प्रश्नाला अख्खं गाठोडं पुन्हा पूर्ण दराने, थोडं वरच्याच दराने. चहाची ही किंमत तुमच्या कोपऱ्यावरच्या टपरीवाल्यालाही माहीत नसेल.

त्या रात्रीच्या नोंदी मी बराच वेळ वाचत होते. तीन एजंट, म्हणजे स्वतःहून एकामागून एक पायऱ्या करत जाणारे एआय, एकाच वेळी चालले होते. रिपोर्टांची मराठी शीर्षकं युनिकोडच्या आधीच्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत. पडद्यावर त्या फॉन्टने ‘बीम आवक नोंद’ दिसतं, फाइलच्या आत मात्र इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा असतो. एजंटने तो कचरा देवनागरीत बदलला, चाचणी चालवली, चाचणी नापास. एरर वाचला, पुन्हा बदल, पुन्हा नापास. रात्री सव्वाअकरापासून पहाटे पाचपर्यंत हेच. देवनागरी मजकुराला इंग्रजीपेक्षा जास्त टोकन लागतात, त्यात ही भर. तुमच्या ऑफिसातल्या कुठल्याही माणसाने दुसऱ्या फेरीला म्हटलं असतं, “अरे थांब, हा फॉन्टच या मशीनवर नाही.” रात्री तिथे असं म्हणणारं कुणी नव्हतं. माग रात्री चालवायचा तर जॉबर (माग दुरुस्त करणारा) आणि कामगार रात्रपाळीला ठेवतात ते उगाच का?

आता दादांच्या हिशेबाकडे. नऊ हजारांत काम दुप्पट. ‘दुप्पट’ हे कुणी मोजलं? मी खोडा घालायला विचारत नाही. या बाबतीत माणसाचा स्वतःचा अंदाज फार फसवा निघालाय, म्हणून विचारते. मीटर (METR) या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेने २०२५ च्या जुलैमध्ये एक प्रयोग जाहीर केला. १६ अनुभवी प्रोग्रामर, वर्षानुवर्षं ज्यावर काम केलं ते त्यांचंच मोठं सॉफ्टवेअर आणि २४६ खरीखुरी कामं. काही कामं एआय वापरून करायची, काही न वापरता. सुरुवातीला त्यांचा अंदाज होता की एआयने २४ टक्के वेळ वाचेल. प्रत्यक्षात एआय वापरलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला. आणि सगळं संपल्यावर विचारलं तर ते म्हणाले, २० टक्के वेळ वाचला! माणसं हुशार होती, आणि तरीही घड्याळ एकीकडे आणि मन दुसरीकडे. हे २०२५ च्या सुरुवातीच्या साधनांचं मोजमाप आहे, आणि तुमचं पॅकेज काही त्या प्रयोगात नव्हतं. नवीन स्क्रीन, एक्सेल आयात, अनोळखी भाषेतला छोटा प्रोग्रॅम अशा कामांत वेग खरोखर वाढतो, मी स्वतः अनुभवलाय. पण ‘वाटतं’ आणि ‘आहे’ यांच्यात एवढं अंतर पडू शकतं हे कळल्यावर १८,००० रुपयांवरच्या माणसाचा निर्णय ‘वाटतं’वर घेऊ नये.

तुमच्या गावातलंच उदाहरण देते. साध्या मागांच्या जागी एखाद्याने वेगवान एअरजेट माग बसवले आणि तपासणीच्या टेबलावर मात्र पूर्वीचाच एक माणूस ठेवला. कापड भराभर उतरतं, तागे टेबलाशी साचतात. घाईत दोष नजरेतून सुटतात आणि व्यापाऱ्याकडून तागा परत येतो. परत आलेल्या ताग्याचं नुकसान कुठल्याच मजुरीच्या दरात लिहिलेलं नसतं. कोडचं असंच आहे. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या संकेतस्थळाच्या २०२५ च्या पाहणीत ६६ टक्के प्रोग्रामरांनी सांगितलेली तक्रार हीच की एआयचं उत्तर जवळजवळ बरोबर असतं, पण पूर्ण बरोबर नसतं. ‘जवळजवळ बरोबर’ मजुरीचा हिशेब शनिवारी पगारवाटपाच्या वेळी कारखान्यात काय करतो, हे फोन घेणाऱ्या तुम्हाला मी सांगायला नको. त्या फोनवर जाणारा तुमचा तास दादांच्या हिशेबात आहे का? मला वाटतं नाही, कारण तुम्ही पगार घेत नाही. पत्रात तुम्ही ते लिहिलेलं नाही, पण चौघांचे पगार लिहिलेत आणि स्वतःचा नाही.

यापुढचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुम्ही दोघंही ८,९०० रुपयांना ‘किंमत’ धरून भांडताय. ती किंमत नाही. ती सध्या चालू असलेली सवलत आहे.

मायक्रोसॉफ्टच्या मालकीच्या गिटहबचं कोपायलट हे कोड लिहिणारं साधन २०२२ च्या जूनमध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं, महिन्याला १० डॉलर. पुढच्या वर्षी वॉल स्ट्रीट जर्नलने एका सूत्राच्या हवाल्याने छापलं की २०२३ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टला त्यात दर ग्राहकामागे महिन्याला सरासरी २० डॉलरहून अधिक तोटा होत होता, काही ग्राहकांमागे ८० डॉलरपर्यंत. २०२५ च्या जानेवारीत चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयच्या सॅम ऑल्टमननी स्वतःच सांगितलं की महिन्याला २०० डॉलरच्या वर्गणीतही तोटा होतोय, कारण लोक अपेक्षेपेक्षा जास्त वापरताहेत. महिन्याचा डबा लावलेल्या खानावळीत दोन-चार पैलवान आले की मालकाचं जे होतं ते. मग मालक काय करतो? आधी चपात्या मोजायला लागतो. १६ जून २०२५ ला कर्सर या कोड लिहिणाऱ्या साधनाच्या कंपनीने २० डॉलरच्या वर्गणीतल्या ५०० जलद विनंत्या काढून त्याऐवजी २० डॉलर किमतीचा वापर दिला. लोकांना अनपेक्षित बिलं आली, ४ जुलैला कंपनीने माफी मागितली आणि मधल्या दिवसांतले असे पैसे परत देऊ केले. त्याच जूनमध्ये कोपायलटने भारी मॉडेलसाठी महिन्याला ३०० विनंत्यांची मोजणी लागू केली, पुढच्या प्रत्येक विनंतीला ४ सेंट. २८ ऑगस्टपासून क्लॉडच्या वर्गणीदारांना आठवड्याच्या मर्यादा आल्या. एकाच उन्हाळ्या-पावसाळ्यात तिघांनी चपात्या मोजल्या.

दादा म्हणतील, टोकनचा दर तर उतरतोय. बरोबर आहे. अँथ्रॉपिकचं ओपस ४ वाचायला १५ आणि लिहायला ७५ डॉलर होतं, २०२५ च्या नोव्हेंबरात आलेलं ओपस ४.५ मात्र ५ आणि २५ वर आलं. पण पूर्वी एआय ओळ पूर्ण करून द्यायचं, आता तेच अख्खी फोल्डरं वाचतं, चाचण्या चालवतं, स्वतःच्या चुका निस्तरतं. सूत स्वस्त झालं आणि कापडाला सूत जास्त लागायला लागलं, तर तागा स्वस्त होईलच असं नाही. उद्या दर कुठे जाईल हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मला एवढं दिसतं की तो ठरवणं तुमच्या हातात नाही.

वीजदराच्या सवलतीचं तुमच्या गावाला सांगायला नको. सवलत मिळते म्हणून माग चालतात. २७ अश्वशक्तीच्या वर वीजजोडणी असलेल्यांची सवलत ऑनलाइन नोंदणीच्या अटीवरून अडकली, तेव्हा कारखानदारांचे चेहरे कसे झाले होते ते तुमच्या ग्राहकांना विचारा. सवलत घ्यावी, जरूर घ्यावी. फक्त सवलतीच्या दरावर आयुष्यभराचे करार करू नयेत, आणि माणूस काढणं हा तसाच एक करार आहे. मुलगा एकदा कोल्हापूरला किंवा पुण्याला गेला की वर्गणी वाढली म्हणून परत येत नाही.

त्या मुलाचं आणखी थोडं. दादांच्या मते तो लागत नाही, कारण तो लिहायचा ते आता एआय लिहितं. मान्य. पण तपासणीच्या टेबलाला माणूस हवाय हे आत्ताच आपण पाहिलं. ते काम तो आज करू शकेल का? कदाचित नाही, दोन-तीन महिने लागतील. त्याला कोड वाचायला बसवा, एआयने लिहिलेलं प्रत्येक पान दुसऱ्याला तोंडी समजावून सांगायला लावा. तीन महिन्यांनंतरही जमलं नाही तर त्याच्याशी मोकळेपणाने बोला. तेव्हा तो निर्णय त्याच्या कामावरून असेल, कार्डाच्या बिलावरून नव्हे. दुसरं असं की दादा आजारी पडले तर या पॅकेजच्या पोटात काय आहे हे सांगू शकणारी माणसं किती आहेत? चारजणांच्या व्यवसायात हा आकडा एकने कमी करताना माझा तरी हात थरथरेल.

सायझिंगच्या मालकांना काय सांगायचं, ते सोपं आहे. आवाज न चढवता सांगायचं : “काका, तुम्ही नवं मशीन घेतलंत तेव्हा कुणी सायझिंगचा दर निम्मा मागितला का? आमच्याकडे यंत्र आलं, पण हिशेब चुकला तर शनिवारी रात्री फोन मीच उचलते.” एएमसीचे पैसे ते कोडच्या ओळींसाठी देत नाहीत, त्या फोनसाठी देतात. तरी माणूस जुना आहे, काहीतरी द्यावंसं वाटत असेल तर दर न हलवता एखादा रिपोर्ट जास्तीचा द्या, किंवा मागणी केल्यावर आठवड्याऐवजी तीन दिवसांत बदल करून देऊ असं कबूल करा. एकदा उतरवलेला दर आपल्याकडे परत चढत नाही. काही जण हल्ली कोटेशनमध्ये ‘एआय खर्च’ अशी वेगळी ओळ टाकतात. मला ते पटत नाही. आपण विजेचं बिल दाखवतो का? ओळ दिसली की घासाघीस सुरू.

मग बंद करायचं का? नाही. बंद केलंत तर मुलं आपापल्या फोनवरून फुकटची साधनं वापरतील आणि ग्राहकांच्या खातेवह्या कुठल्या कुठे चिकटवतील. ते जास्त महागात पडेल. (याची सूचना आजच लिहून भिंतीवर लावा : पार्टीची नावं, जीएसटी क्रमांक, खऱ्या उलाढाली एआयला द्यायच्या नाहीत, चाचणीसाठी बनावट आकडे.) आपल्याच मशीनवर फुकटचं मॉडेल बसवू, असंही दादा सुचवतील. क्वेनसारखी खुली मॉडेलं छोट्या कामाला चालतात, पण त्यांना तगडं ग्राफिक्स कार्ड लागतं, वीज लागते आणि ती सांभाळायला माणसाचे तास लागतात. हौस म्हणून करून बघा, बचत म्हणून नको.

उद्या सकाळी आधी जादा वापराचा पर्याय बंद करा, किंवा महिन्याला पाच हजारांसारखी पक्की मर्यादा घाला. आणि त्या खात्याचा पासवर्ड तुमच्याकडे ठेवा, दादांकडे नको. मर्यादा संपली तर संपली. दोन दिवस हाताने लिहितील, पूर्वी लिहीतच होते. रात्री काम लावायला हरकत नाही, पण १४० रिपोर्टांचं नाही, तीनचं. तीन जमले की पुढे. फेऱ्यांची किंवा पैशांची मर्यादा सांगितल्याशिवाय एजंट सोडून घरी जायचं नाही. नवीन कामाला नवीन संभाषण उघडायचं, कालचं गाठोडं ओढत न्यायचं नाही. कुठली फाइल बघायची ते नाव घेऊन सांगायचं, ‘सगळं बघ’ म्हणायचं नाही. भारी मॉडेल अवघड कामापुरतं, चिल्लर कामाला स्वस्तातलं. एवढ्या सवयींनीच बिलात फरक दिसेल.

वर्गण्या कुणाच्या नावावर आहेत ते बघा. २० डॉलर म्हणजे डॉलरला ९० रुपये धरून १,८००. त्यावर १८ टक्के जीएसटी ३२४, मग बऱ्याच कार्डांवर दोन ते साडेतीन टक्के परकीय चलनाचा अधिभार आणि त्या अधिभारावरही जीएसटी. असे ते २,२०० होतात. मुलांच्या वैयक्तिक नावाने घेतलं असेल तर तो जीएसटी गेला तो गेलाच. व्यवसायाच्या जीएसटी क्रमांकावर घेतलंत तर सहसा तो रिव्हर्स चार्जने, म्हणजे विक्रेत्याऐवजी आपणच सरकारकडे भरून, त्याचं क्रेडिट घेता येतं. चौघांचे महिन्याला जवळपास १,३०० रुपये. तुमच्या सीएंना याच आठवड्यात विचारा. आणि स्वस्त पडतं म्हणून वर्षाचे पैसे एकदम भरू नका. ज्या मालाचे नियम एका पावसाळ्यात तीनदा बदलतात तो महिन्याच्या बोलीवर घ्यावा.

हिशेबासाठी चार आठवडे एक साधी वही ठेवा. कारखान्यात बीमकार्ड असतं तसं प्रत्येक कामाचं एक कार्ड. वर कामाचं नाव. मग सुरुवातीचा अंदाज, लिहायला गेलेले तास, तपासायला गेलेले तास, एआयचे रुपये, आणि ग्राहकाकडे गेल्यावर आलेले फोन. शेवटचा रकाना तुम्हीच भरायचा. तुमच्या तासालाही भाव लावा. निदान नव्या मुलाइतका तरी. महिन्याने दादांबरोबर बसून काम दुप्पट झालं का ते त्या कार्डांवरून बघा. झालं असेल तर मी चुकले, तसं मला जरूर कळवा. मात्र कुठल्या कामात दुप्पट आणि कुठल्यात उलटं, हेही त्याच कार्डांवर दिसेल, आणि माझ्या मते खरा पैसा त्या फरकात आहे.

एक गोष्ट तुमच्या पत्रात कुणीच विचारलेली नाही : १४० रिपोर्ट कशाला? पूर्वी एक रिपोर्ट बदलायला दोन दिवस जायचे, तेव्हा दादांनी १४० ला हातच घातला नसता. आधी विचारलं असतं, कुठले लागतात? काम स्वस्त झालंय असं वाटलं की हा प्रश्न पहिल्यांदा गळतो. जुन्या पॅकेजमधले निम्मे रिपोर्ट कुणीतरी कधीतरी हट्टाने मागितलेले असतात आणि नंतर कुणी उघडलेलेही नसतात.

तर असं करा. तुमच्या त्या नव्या मुलाला सोमवारी त्याच सायझिंगमध्ये पाठवा, दर निम्मा मागणाऱ्या काकांकडे. संगणकापुढे नाही, दिवाणजींच्या शेजारी खुर्ची टाकून. आठवडाभर त्याने फक्त लिहून घ्यायचं : कुठला रिपोर्ट उघडला, कशासाठी उघडला, आणि उघडल्यावर दिवाणजींनी त्याच्या प्रिंटवर पेनने काय दुरुस्त केलं.